डबा एक, वायरी दोन

माझ्या वहीत एक ओळ आहे : 'ड्रायव्हरने कोणकोणती उपकरणं घ्यायची – यादी करणे. अर्धा दिवस.' ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा उपकरणांशी बोलणारा तुकडा. त्या ओळीपुढे मी नंतर पेन्सिलीने तारखा मांडत गेलो. शेवटची तारीख पाच आठवड्यांनंतरची आहे.

जळगावच्या एमआयडीसीत, एका चटईच्या कारखान्याला लागून दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही तिघं बसतो. पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी स्टोरेज सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम करतो. सिस्टिम बीएसडी या युनिक्सच्या घराण्यातली, पण इतकी कापून-शिवून घेतलेली की घराण्यातल्या कुणी आता ओळख दाखवणार नाही. तिच्यात मल्टिपाथ नव्हतं. ते लिहायचं ठरलं आणि वाटणीत माझ्याकडे ड्रायव्हरचा उंबरठा आला. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेरूनच परत पाठवायचं, एवढंच मी बघायचं.

मल्टिपाथ म्हणजे काय, हे घरमालकांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडून वदवून घेतलं. ते पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी. फायबरच्या नारिंगी केबली बघून म्हणाले, "भाऊ, डबा एकच शे ना? मंग दोन वायरी कसाले?"

म्हटलं, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून.

ते पटलं. पण जाता जाता दारात थांबले. "मंग कॉम्प्युटरले डबा एक दिखस का दोन?"

खरी गोम इथेच आहे, आणि ती त्यांनी चहा संपायच्या आत पकडली. कॉम्प्युटरला दोन दिसतात. डिस्क एक, तिच्याकडे जायच्या वाटा दोन, आणि सिस्टिमच्या लेखी त्या दोन वेगळ्या डिस्क. एका नावावर फाइल सिस्टिम बसवली आणि दुसऱ्या नावावर कुणी चुकून काही लिहिलं, की संपलं. ड्रायव्हरने या दोघी एकच आहेत हे ओळखायचं, वर एकच नाव दाखवायचं, आणि एक वाट बंद पडली की मागण्या दुसरीने पाठवायच्या.

आता यादी. स्कझी म्हणजे डिस्क-टेपसारख्या उपकरणांशी बोलायची भाषा. तीत प्रत्येक उपकरणाला 'तू कोण?' असं विचारता येतं. त्या कमांडचं नाव इन्क्वायरी. उत्तराच्या पहिल्या बाइटमधल्या खालच्या ५ बिटांत उपकरणाचा प्रकार असतो : ०० म्हणजे डिस्क, ०१ बॅकअपची टेप, ०५ सीडी-डीव्हीडी, ०८ टेप लायब्ररीतला, म्हणजे टेपांच्या कपाटातला, काडतुसं (टेपच्या डब्या) उचलून ठेवणारा यांत्रिक हात, ०डी म्हणजे डिस्क ज्या पेटीत बसतात ती पेटी स्वतः. सगळे आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायाचे. मी म्हटलं, आमचा थर डिस्क-टेपच्या ड्रायव्हरांच्या खाली बसतोय, त्याला वर काय आहे याच्याशी काय देणंघेणं? येईल त्याला घ्या. सिरियल नंबर जुळला की जोडी लावा. चाळीसेक ओळींचा कोड झाला. संध्याकाळी शेवभाजी खायला गेलो, इतका मी निवांत होतो.

दुसऱ्या दिवशी मी तो ड्रायव्हर माझ्याच मशिनवर चढवला. शहाण्या माणसाने असं करू नये. मशिनला यूएसबीच्या दोन बाहेरच्या डिस्क लावलेल्या होत्या, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या स्वस्तातल्या केसमध्ये. एकीत कामाचे बॅकअप, दुसरीत बहिणीच्या लग्नाचे फोटो. दोन्ही केसमधल्या चिपने सिरियल नंबर तोच सांगितला, तंतोतंत. कारखान्यात कुणीतरी नमुन्याचा नंबर बदलायचाच विसरलं असावं. प्रकार दोन्हींचा ००. माझा ड्रायव्हर खूश झाला, त्याला पहिली जोडी सापडली होती. त्याने वर एक डिस्क दाखवली आणि लिहिणं आळीपाळीने दोन्हींकडे पाठवायला लागला. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. माझ्या लक्षात येईपर्यंत दोन्ही फाइल सिस्टिमचा लगदा झाला होता. भुसावळच्या फोटोग्राफरकडे मूळ फोटो होते, म्हणून मी अजून बहिणीकडे जेवायला जाऊ शकतो.

मल्टिपाथमध्ये चुका दोन तऱ्हेच्या होतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक असताना दोन समजलात तर सहसा गैरसोयच होते. दोन असताना एक समजलात तर डेटा जातो. पुढच्या पाच आठवड्यांत जेवढे वाद झाले त्या सगळ्यांत मी अखेर याच ओळीवर परत येत होतो.

मग ओळखीचा नियम बदलला. सिरियल नंबरवर भरवसा ठेवायचा नाही. स्कझीत व्हीपीडीचं, म्हणजे उपकरणाच्या स्वतःबद्दलच्या माहितीचं, पान ८३ असतं, त्यात उपकरण आपल्या ओळखी सांगतं, एक नाही, चार-पाच. त्यांतली कंपनीने मनाने दिलेली ओळख सोडून द्यायची आणि जगभरात एकदाच दिला जाणारा नंबर, म्हणजे एनएए किंवा ईयूआय-६४ धाटणीचा, तेवढाच मानायचा. मी तसं लिहिलं आणि लगेच उलटा घोळ झाला. आमच्या पेटीतली दोन पोर्टांची सास डिस्क (सर्व्हरमध्ये वापरतात ती) काही केल्या एक होईना. तो घोळ आमच्या सहकारी मुलीने पकडला. ती चोपड्याची, आमच्यात वयाने लहान पण कागदपत्रं वाचण्यात सगळ्यांत चिवट. म्हणाली, "दादा, तुम्ही पानावरची पहिली ओळख उचलताय. ती डिस्कची नाही, पोर्टची आहे." खरंच. प्रत्येक ओळखीशेजारी ती कुणाची आहे हेही लिहिलेलं असतं : आतल्या डिस्कची, पोर्टची की अख्ख्या उपकरणाची. मी घराचा पत्ता विचारत होतो आणि दरवाज्याचा नंबर लिहून घेत होतो. दरवाजे दोन, नंबर दोन.

यूएसबी तेव्हाच बाद झालं. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सीडी-डीव्हीडीवर तीन मिनिटं बोलणं झालं, त्यातली दोन मिनिटं जुन्या सिनेमांच्या सीड्यांवर.

साटाचं, म्हणजे साध्या कॉम्प्युटरात असते त्या डिस्कचं, मात्र अडलं. साटाला पोर्ट एकच, तेव्हा दुसरी वाट येणार कुठून? पण सासच्या पेटीत बसवलेली साटा डिस्क भाषांतरकारामार्फत स्कझी बोलते, प्रकार ०० सांगते, एनएए नंबरही देते. ड्रायव्हरला ती इतरांसारखीच दिसते. माझं म्हणणं होतं, घेऊ दे, एक वाट असली तरी बिघडतं कुठे? सर्व्हर चालू केला तर तो उठेचना. बूट डिस्क साटाची होती. ड्रायव्हरने तीही घेतली, तिचं नाव बदललं, आणि सिस्टिम जुन्या नावाने तिला हाका मारत बसली. मग वाटलं, दोन वाटा दिसल्या तरच घ्यावं. त्यात दुसरा सापळा. सुरू होताना एक केबल निघालेली असेल, तर डिस्क एकाच वाटेने दिसेल, आम्ही सोडून देऊ, फाइल सिस्टिम तिच्यावर थेट बसेल, आणि तासाभराने कुणी केबल लावली की दुसरी वाट अनाथ. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवाल्यांनी या एका प्रश्नासाठी 'फाइंड मल्टिपाथ्स' नावाची सेटिंग ठेवली आहे आणि तिला पाच पर्याय दिले आहेत. पाच पर्याय असणं म्हणजेच एक सरळ उत्तर नसणं. आम्ही ठरवलं : मदरबोर्डवरच्या साटा पोर्टांना हात लावायचा नाही, सास, फायबर चॅनल (स्टोरेजचं वेगळं जाळं) आणि आयस्कझीवरून (साध्या नेटवर्कवरून जाणारी स्कझी) आलेली डिस्क एकाच वाटेची असली तरी घ्यायची.

तोवर अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. चोपड्याची मुलगी चार दिवस सुटीवर गेली आणि जाताना टेबलावर टेप ड्राइव्ह ठेवून गेली. चिठ्ठी होती : 'हिचं मी आल्यावर बोलू. तोपर्यंत कबूल करू नका.'

कबूल करायची घाई पुण्याला होती. धुळ्याच्या एका गिऱ्हाइकाकडे टेप लायब्ररी होती, तिच्यातल्या ड्राइव्हला दोन पोर्ट होते, आणि दोन पोर्ट आहेत तर दोन केबली का लावू नयेत, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. पुण्याचे सर फोनवर म्हणाले, "डिस्क जमली, मग टेपला काय वेगळं करायचंय? प्रकाराच्या यादीत ०१ घाला." मला खरं तर पटत होतं. मी हो म्हणायच्या बेतात होतो.

ती परत आल्यावर तिने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो टेपवर ६४ किलोबाइटचे ठोकळे लिहायचा, प्रत्येकावर अनुक्रमांक. लिहिणं चालू असताना मी केबल उपटायची. मागण्या दुसऱ्या वाटेने जायच्या, काम बिनतक्रार पूर्ण व्हायचं. मग टेप गुंडाळून पुन्हा वाचायची आणि आकडे तपासायचे. चाळीस वेळा केलं. सदतीस वेळा आकडे सरळ आले. तीन वेळा एक आकडा दोनदा आला.

त्या तीन टेपा बघून मी बराच वेळ गप्प होतो. कारण साधं आहे, पण हाताने केबल उपटेपर्यंत माझ्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. डिस्कला आपण सांगतो, 'अमुक नंबरच्या खणात हे ठेव.' ती ठेवते, 'ठेवलं' म्हणते, आणि नेमका तो 'ठेवलं' वाटेत हरवतो. आपण दुसऱ्या वाटेने पुन्हा सांगतो. खण तोच, वस्तू तीच, काही बिघडत नाही. टेपला खण नसतात. तिला सांगायचं फक्त 'पुढे लिही'. तिने लिहिलेलं असतं, उत्तर हरवलेलं असतं, आपण पुन्हा सांगितलं की ती पुन्हा पुढे लिहिते. तिची चूक नाही. आळीपाळीने दोन्ही वाटा वापरायचा प्रयोगही केला, तेव्हा एकदा दोन ठोकळ्यांचा क्रमच उलटा आला. बॅकअपची टेप अशी निघाली तर ते कळतं कधी? ज्या दिवशी ती टेप खरोखर लागते त्या दिवशी.

शिवाय आरक्षण. बॅकअपचे प्रोग्रॅम टेप ड्राइव्ह आपल्यासाठी राखून ठेवतात, आणि जुन्या पद्धतीचं ते राखणं वाटेशी बांधलेलं असतं. दुसऱ्या वाटेने तोच सर्व्हर गेला तरी ड्राइव्हच्या लेखी तो परका. 'रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट' म्हणून हाकलून देते. डिस्कच्या बाबतीतही हे दुखणं आहे, तिथे प्रत्येक वाटेवर वेगळी नोंदणी करून ते निभावता येतं.

सरांना फोन केला. म्हटलं, "सर, टेप नको."

"अरे, दुसरे करतात. आयबीएमच्या टेप ड्रायव्हरमध्ये पर्यायी वाट आहे."

"आहे सर. पण तो टेपचा ड्रायव्हर आहे. वाट तुटली की तो ड्राइव्हला विचारू शकतो, 'तू नक्की कुठवर आलीस?', आणि मग ठरवतो पुन्हा लिहायचं की नाही. आपण खालच्या थरात आहोत. आपल्याला टेप म्हणजे काय तेच माहीत नाही."

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग, "लिनक्सवाले काय करतात?" म्हटलं, त्यांचा मल्टिपाथ ब्लॉक उपकरणांवर, म्हणजे खणांच्या उपकरणांवर, बसतो, टेप त्यांच्याकडे ब्लॉक उपकरणच नाही, आणि वर त्यांच्या मुळातल्या नकारांतही टेप बसते. सर म्हणाले, "धुळ्याला तू सांग." यांत्रिक हाताचं म्हणजे ०८ चं काम त्याच फोनमध्ये उरकलं. 'या कप्प्यातलं काडतूस त्या कप्प्यात टाक' हे दोनदा सांगितलं तर दुसऱ्या वेळी कप्पा रिकामा सापडतो आणि खरं तर पार पडलेलं काम चुकलं म्हणून नोंदलं जातं. नको.

मे महिना चढला. जळगावात पारा ४४च्या वर गेला की आमच्या पेटीचे पंखे विमानासारखे ओरडतात आणि पेटी तापमानाचा इशारा देते. पेटीत आय-ओ मॉड्यूल (सर्व्हरच्या केबली जिथे लागतात ते भाग) दोन, म्हणून इशारे दोन. दर वेळी मोबाइलवर दोन मेसेज, रात्री दीडलासुद्धा. मला ०डी घ्यायची फार इच्छा होती ती या मेसेजपायी, हे मी आता कबूल करतो. तेव्हा मी मोठी तात्त्विक कारणं दिली होती : पेटी एक, तिच्याकडे वाटा दोन, ही मल्टिपाथची व्याख्याच आहे की! चोपड्याच्या मुलीने दोन्ही मॉड्यूलचं पान ८३ काढून समोर ठेवलं. ओळखी वेगवेगळ्या. पेटीचा सामायिक नंबर होता, पण तो दुसऱ्याच पानावर, पेटीच्या निदानाच्या माहितीत. "दादा, तुमच्याच नियमाने या दोन आहेत." त्यातून एका मॉड्यूलचा स्वतःचा सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. एक केलं असतं तर तो लपला असता, आणि त्या मॉड्यूलचा पंखा खरंच अडकलेला निघाला. दोन मेसेजचा एक मेसेज मी देखरेखीच्या प्रोग्रॅममध्ये केला, १५ ओळींत. ड्रायव्हरला हात लागला नाही. फळ्यावरून ०डी पुसताना मी जरा जोरातच डस्टर मारला.

एव्हाना यादीत एकच प्रकार उरला होता, ००. मला वाटलं, सुटलो. मग आमच्या जुन्या फायबर चॅनल ॲरेने, म्हणजे अनेक डिस्क स्वतः सांभाळणाऱ्या मोठ्या पेटीने, हिसका दाखवला. हा ॲरे आम्ही भंगारात निघता निघता घेतलेला, दोन कंट्रोलरांचा. तो जोडला की डिस्कच्या यादीत एक जास्तीची डिस्क यायची, ३१ नंबरची. प्रकार ००, सगळं रीतसर. वाचायला गेलं की चुकांचा पाऊस. प्रॉडक्टच्या रकान्यात 'युनिव्हर्सल एक्सपोर्ट' लिहिलेलं होतं. ती डिस्क नव्हतीच, ॲरेच्या व्यवस्थापनासाठी ठेवलेली खिडकी होती, डिस्कचे कपडे घातलेली. लिनक्सच्या मल्टिपाथ टूल्समध्ये या नावाला नकार लिहिलेला आहे, आम्हीही लिहिला.

दुसरी गंमत याच ॲरेची. प्रत्येक डिस्कचा मालक एका वेळी एकच कंट्रोलर. दुसऱ्याकडे मागणी गेली की तो मालकी स्वतःकडे ओढून घेतो, आणि त्यात काही सेकंद जातात. आमचा ड्रायव्हर आळीपाळीने दोघांकडे जात होता. एक ओढायचा, मग दुसरा ओढायचा, मग पहिला. वेग सेकंदाला १ मेगाबाइटच्याही खाली आला. ॲरेचे दिवे बघून घरमालक म्हणाले, काय मस्त लुकलुकतंय.

नव्या ॲरेंसाठी यावर उपाय आहे. एएलयूए नावाची पद्धत आहे, तीत ॲरे स्वतः सांगतो कोणती वाट उत्तम, कोणती चालेल, कोणती राखीव. तो हे बोलतो की नाही, ते इन्क्वायरीच्या उत्तरातल्या २ बिटांवरून कळतं. ते बोलणारे सगळे घ्यायचे, हे सोपं होतं. न बोलणाऱ्यांचं काय? त्यांत आमच्यासारखे जुने भांडखोर ॲरेही येतात आणि साध्या पेटीतल्या सास डिस्कही, ज्यांचे दोन्ही पोर्ट सारखेच असतात. बिटांवरून दोघांत फरक कळत नाही. इथे आम्ही आळशी उत्तर निवडलं आणि मला ते अजूनही आवडतं : जो बोलत नाही त्याच्याशी एका वेळी एकाच वाटेने जायचं, दुसरी फक्त पहिली तुटल्यावर. यात वेग जातो असं कुणी म्हणेल. फिरती डिस्क सेकंदाला २००-२५० मेगाबाइट देते, ६ गिगाबिटच्या सासची एक वाट ६०० पर्यंत वाहून नेते. जात काहीच नाही.

आमचा तिसरा साथीदार म्हणाला, लिनक्सची अख्खी कंपन्यांची यादी उचलून घालू, एका दुपारचं काम आहे, जाहिरातीत 'शंभर ॲरे चालतात' लिहिता येईल. मोह मोठा होता. पण त्या शंभरांतला आमच्या खोलीत एक होता. त्या यादीतली प्रत्येक ओळ कुणीतरी कुठेतरी केबल उपटून लिहिलेली आहे, आणि ती आमच्या ड्रायव्हरवर उपटलेली नाही. भांडखोर जातीतला आमचा एक ॲरे आम्ही नावाने घातला, बाकी नाही. सोलारिस नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक सोय होती ती मात्र उचलली : गिऱ्हाईक स्वतःच्या जबाबदारीवर कंपनीचं आणि प्रॉडक्टचं नाव फाइलमध्ये लिहून ॲरे वाढवू शकतं. तिकडे कंपनीचं नाव बरोबर ८ अक्षरांचं लागायचं, कमी पडली तर मोकळ्या जागा भरायच्या. आम्ही मोकळ्या जागा स्वतः मोजतो. माणसाला स्पेस मोजायला लावणं हा छळ आहे.

एनव्हीएमई, म्हणजे स्कझी न बोलणाऱ्या वेगवान फ्लॅश डिस्कची भाषा, आम्ही घेतलं नाही. लिनक्सनेही ४.१५ पासून एनव्हीएमईच्या ड्रायव्हरमध्येच वाटांची सोय केली, वेगळ्या थराला त्यात बोलावलं नाही. झोन्ड डिस्क, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांत ओळीनेच लिहावी लागणारी, प्रकार १४, कागदावर जमण्यासारखी आहे, फक्त एकाच वाटेने. तिथे क्रम चुकलेलं लिहिणं डिस्क स्वतःच नाकारते. पण दोन पोर्टांची तशी डिस्क आमच्याकडे नाही. तिच्यापुढे मी 'नाही' ऐवजी 'अजून नाही' लिहिलंय.

धुळ्याला मी बसने गेलो. एरंडोल, पारोळा, मग धुळे, उन्हात तापलेल्या खिडकीला डोकं टेकता येत नव्हतं. गिऱ्हाइकाकडचा सर्व्हर सांभाळणारा माणूस पन्नाशीचा, टेपच्या बाबतीत माझ्यापेक्षा जाणता. मी त्याला दोनदा लिहिलेल्या ठोकळ्याची ती टेप दाखवली, आकड्यांची छापील यादी दाखवली. त्याने ४१७, ४१८, ४१८, ४१९ यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. केबल विकत आणून तयार होती. "मंग या वायरनं काय करानं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, पहिली खराब झाली तर हाताने बदला, बॅकअप पहिल्यापासून घ्या.

त्याने केबल गुंडाळली, दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि रॅकच्या मागच्या खिळ्याला अडकवून ठेवली. मग म्हणाला, जेवूनच जा, भरीत केलंय.